‘स्नोमेल्ट’ला काय म्हणावं: हिम, बर्फ आणि येवा

प्रश्न असा आला आहे: सतलजच्या खोऱ्यात किती ‘स्नो’ वितळेल आणि भाक्रा धरणात किती पाणी येईल, याचा अंदाज उपग्रहाच्या मदतीने कसा बांधतात, यावरचा लेख मराठीत आणायचा आहे. त्यातल्या ‘स्नोमेल्ट रनऑफ’ला, म्हणजे हिम वितळून वाहत येणाऱ्या पाण्याला, ‘हिमगलन अपवाह’ चालेल का? की सरळ ‘बर्फाचं पाणी’ म्हणावं?

‘हिमगलन अपवाह’ मी तरी वापरणार नाही. ‘गलन’ म्हटलं की मराठी कानाला गळका नळ आठवतो, आणि ‘अपवाह’ हिंदीतून आलेला आहे. आपल्याकडे मृदसंधारणाच्या पुस्तकांत ‘रनऑफ’साठी ‘अपधाव’ आहे, पण तो शेतातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला शोभतो.

खरा पेच ‘बर्फ’ या शब्दात आहे. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आभाळातून भुरभुरणारं ते. गोठलेल्या पाण्याला तिथे ‘यख’ म्हणतात. आपल्याकडे आभाळातून तसलं काही पडतच नाही, म्हणून आपण तो शब्द घेतला आणि लादीला, गोळ्याला चिकटवला. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ‘बर्फ’ म्हटल्यावर भुसा लावलेली लादीच येते. इथे मात्र फरक करावाच लागतो. दहा सेंटिमीटर ताज्या हिमाचं साधारण एक सेंटिमीटर पाणी होतं, तेवढ्याच जाडीच्या बर्फाचं नऊच्या आसपास. म्हणून ‘स्नो’ ते हिम आणि ‘आइस’ तो बर्फ, हे लेखाच्या सुरुवातीलाच सांगून टाका. हिम परका वाटेल ही भीती नको. हिवाळा, हीव, हिवताप ही सगळी त्याचीच लेकरं. मग वाक्यही नीट बसतं: उन्हाळ्यात हिमनदीच्या अंगावरचं हिम संपलं की खालचा मळकट बर्फ उघडा पडतो आणि तेवढ्याच उन्हात जास्त वेगाने वितळतो.

क्रियापद वितळणे. विरघळणे बोलण्यात सर्रास येतं, पण साखर चहात विरघळते. तिला दुसरा द्रव लागतो. हिमाला ऊब पुरते. जलशास्त्रज्ञ मार्टिनेक यांनी १९७५ साली मांडलेलं गणित याच उबेवर चालतं. ज्या दिवशी सरासरी तापमान शून्याच्या वर सहा अंश, त्या दिवसाचे सहा अंश-दिवस. एका अंश-दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सुटतं असं धरलं, तर त्या दिवशी तीस. डोंगराच्या त्या उंचीच्या पट्ट्यात निम्मीच जमीन पांढरी असेल, तर पट्ट्याच्या वाट्याला सरासरी पंधरा. ही ‘निम्मी’ उपग्रह सांगतो. हिम हिरवा प्रकाश परतवतं आणि लघुलहरी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश शोषतं, ढग मात्र दोन्ही परतवतात. म्हणून दोन्ही पांढरे असूनही वेगळे ओळखता येतात. पण असा उपग्रह पसारा पाहतो, जाडी नाही. त्यामुळे त्याच्या आकड्याला ‘हिमसाठा’ म्हणू नका, ती चूक होईल. ‘हिमाच्छादन’ म्हणा.

‘मॉडेल’ला मॉडेलच ठेवा. ‘उपग्रह-प्रतिमांवरून प्रतिमान’ वाचताना जीभ अडखळते.

आता ‘स्ट्रीमफ्लो’. नदीत वाहतं ते पाणी म्हणजे प्रवाह. ‘विसर्ग’ शास्त्रशुद्ध आहे, पण आपल्या बातम्यांत कोयनेचे दरवाजे उचलले की विसर्ग येतो. वाचक सोडलेलं पाणी समजेल. धरणाकडे येणाऱ्या पाण्याला मात्र आपल्या पाटबंधाऱ्यांच्या लोकांनी फार सुंदर शब्द घडवला आहे, येवा. येणे या क्रियापदातून सरळ निघालेला, दोन अक्षरांचा. (मालवणीतला ‘येवा’ म्हणजे ‘या’, तो निराळा.) प्रकल्प-अहवालांत ‘७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा’ (शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल एवढं पाणी) असं रोज लिहिलं जातं, आणि तो शब्द अहवालातच पडून राहावा याचं मला वाईट वाटतं. भाक्र्याला वर्षभरात येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून अधिक हिम आणि हिमनद्या वितळून येतं. त्याला ‘हिमाचा येवा’ म्हणा, पावसाच्या पाण्याला ‘पावसाचा येवा’. दोन्ही एका तक्त्यात शेजारी-शेजारी बसतील.

तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहीन: ‘सतलजच्या खोऱ्यातलं हिमाच्छादन उपग्रहावरून मोजून, रोजच्या तापमानानुसार किती हिम वितळेल आणि भाक्रा धरणात हिमाचा येवा किती होईल, याचा अंदाज हे मॉडेल देतं.’