भुसा बघ

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास आशीर्वाद.

काल मोबाइलवर सतरा मशीनांचे फोटो दाखवलेस आणि शेवटी विचारलंस, "काका, तुमचं आवडतं चेनसॉ कुठलं? स्टिल की हस्कवार्ना? किती सीसी?" मी चहा गाळत बसलो, उत्तर दिलं नाही. रात्री झोप येईना, म्हणून लिहितोय.

सीसी राहू दे. भुसा बघ. धार असली की लाकडाचे चपटे कीस उडतात, धार गेली की पिठासारखी पूड पडते. पूड दिसली की थांबायचं, मशीन बंद करायचं, कानस काढायची. हे अंगवळणी पडलं की हातातलं मशीनच आवडतं होतं.

मला हे कळायला ७२ सीसीचं धूड विकत घ्यावं लागलं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, विश्वामित्री नदी गावात शिरली. पाणी ओसरल्यावर एका गल्लीत आडवा पडलेला कडुनिंब कापायला मी ऐटीत गेलो. सालीत गाळ भरलेला, आणि रेतीपुढे चेन किती टिकणार! पूड पडत होती, धूर येत होता, मी रेटत होतो. काप वाकडा गेला, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) तापून निळा पडला. मग एक पोरगा बत्तीस सीसीचं मशीन घेऊन आला. आधी कुऱ्हाडीनं साल सोलली. टाकी संपली की ओंडक्यावर बसून कानस मारायचा. दुपारपर्यंत त्यानं रस्ता मोकळा केला. "दुकानं बंद, कानस आणणार कुठून?" असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो. कानस घरी फडताळात होती.

सोसायट्यांमधल्या गुलमोहराच्या छाटणीला ३०-३५ सीसी आणि चौदा-सोळा इंची बार पुष्कळ झाला. मोठं खोड आलं तर मोठं मशीन भाड्यानं आण. कंपनी? जिचा मेकॅनिक तुला जवळ पडेल ती. संपला विषय.

कानस मात्र चेनच्या मापाचीच हवी: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी (३/८ नि ०.३२५ हे चेनच्या कड्यांचं इंचातलं माप). पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. डाव्या दातांना जेवढे हात, तेवढेच उजव्यांना; नाहीतर काप एका अंगाला ओढतो. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं तेल. हंगाम संपला की टाकी रिकामी कर, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं.

आणि शिडीवर उभं राहून एका हातानं मशीन चालवतोस, असं ऐकलं. बारच्या टोकाची वरची बाजू फांदीला टेकली की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. पुन्हा कानावर आलं तर माझा उंबरा चढू नकोस.

मग ते धूड अजून का ठेवलंय, असं विचारशील. उद्या एखादा वड पडला तर? पारंब्यांसकट ते खोड काय बत्तीस सीसीनं निघणार आहे? शिवाय विकलं तर तुझी काकू म्हणेल, मी तेव्हाच सांगत होते. सांगितलं होतं तिनं, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी ये. मशीन आणू नकोस, फक्त तुझी बोथट झालेली चेन आण.

काका