बोडिपी (चमकणारं, बोरॉन असलेलं रंगद्रव्य) करायला घेतोयस ना, मग आधी हे ऐक

भाऊ, जुलैतलं नागपूर दमट असतं. बोरॉन ट्रायफ्लुओराइड इथरेटचं (रेणूत बोरॉन बसवणाऱ्या द्रवाचं) बूच उघडलं की पांढरा धूर निघतो, तो हवेतल्या ओलाव्यामुळे. त्यामुळे काम फ्यूम हूडमध्येच (धूर खेचून घेणाऱ्या कपाटातच) कर, आणि सिरिंज ओव्हनमध्ये वाळवलेलीच घे. माझी एक बॅच अशीच गेली. फ्लास्कात नुसतं डांबर!

द्रावण हिरवं झगझगलं म्हणून हुरळू नकोस. एक थेंब काचपट्टीवर वाळव, यूव्ही दिव्याखाली धर. बहुतेकदा विझलेलंच दिसेल, कारण सपाट रेणू एकमेकांवर चिकटून बसतात. ओएलईडीत (मोबाइलच्या पडद्यात असतात त्या सेंद्रिय एलईडीत) तर असा वाळलेला पातळ थरच लागतो. म्हणून बाजूला मेसिटिलसारखे अवजड गट लावून बघ.

निळ्या रंगासाठी जपानी रसायनशास्त्रज्ञ हाताकेयामांचं 2016चं काम वाच: बोरॉन-नायट्रोजन रेणूच्या एकाच चौकटीत, प्रकाशाचा पट्टा जेमतेम 28 नॅनोमीटर रुंद. पण ते नंतर. आधी काचपट्टी.