फुग्याने रुंद केलेली नळी पुन्हा का आवळते?

प्रश्न: बहिणीचं (वय ३१) टीबीचं औषध पूर्ण झालं, थुंकी निगेटिव्ह आहे. तरी जिना चढताना धाप लागते, छातीत शिट्टी वाजते. दमा समजून दिलेल्या पंपाने फरक पडला नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसाची मुख्य नळी अरुंद दिसली. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करू, पण दोन-तीनदा करावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात. त्यापेक्षा एकदाच स्टेंट (नळी आतून उघडी धरून ठेवणारं नळकांडं) घालून मोकळं व्हावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळतात, ते पंपाने सैल पडतात. इथे टीबीची जखम भरताना नळीत वण धरला आहे. त्यावर पंप काय करणार? त्यातही डावी नळी अशी जास्त वेळा आवळते. ती जवळपास ५ सेंटीमीटर लांब, उजवीपेक्षा चिंचोळी, आणि महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीखालून जाणारी.

मिटलेला फुगा अरुंद जागेत सरकवून सलाइनने फुगवतात, हवेने नाही. पिचकारीला दाबमापक असतो. सुरुवात साधारण ८ मिलिमीटरच्या फुग्याने, मग १०, जमल्यास १२. दर वेळी अर्धा ते एक मिनिट. वण चिवट असेल तर आधी विजेच्या सुरीने किंवा लेसरने दोन-तीन उभ्या चिरा देतात, नाहीतर फुगा नळीला जिथे कमजोर तिथेच फाडतो. (सुरी चालू असताना ऑक्सिजन ४० टक्क्यांखाली ठेवतात, नळीत आग लागू नये म्हणून.) एकाच बैठकीत पूर्ण रुंद करण्याचा हट्ट धरला की चीर खोल जाते.

फुग्याने वण निघत नाही, फक्त फाटतो, आणि फाटलेली जागा पुन्हा वणानेच भरते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बैठक. दोन-तीनदा करावं लागणं म्हणजे उपचार फसले असं नव्हे.

स्टेंट ही पुढची पायरी, सुटका नव्हे. जाळीच्या धातूच्या स्टेंटमधून मांस वाढतं, मग तो काढताना नळी सोलवटते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००५ मध्ये कर्करोग नसलेल्या अशा अरुंदपणात तो शक्यतो टाळा, असा इशारा दिला होता. सिलिकॉनचा स्टेंट काढता येतो, पण तो घालायला पूर्ण भूल आणि ताठ दुर्बीण लागते. तो सरकतो, आत बेडका वाळून बसतो, म्हणून रोज सलाइनची वाफ घ्यावी लागते. स्टेंट सुचवलाच तर कोणता, आणि कधी काढणार, हे आधी विचारा.

त्याहून आधी विचारायचं ते हे: अरुंद जागेपलीकडचं फुप्फुस शाबूत आहे का? ते कुजून गेलं असेल तर नळी उघडून उपयोग नाही, मग शस्त्रक्रियेचाच विचार होतो.

फुग्यानंतर एक-दोन दिवस बेडक्यात रक्ताची रेघ चालते. घोटभर रक्त पडलं, ताप चढला, छातीत एकाएकी दुखून दम वाढला, किंवा गळ्याजवळची कातडी फुगून दाबल्यावर चुरचुरली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.