चामड्याऐवजी कायडेक्सचं होल्स्टर घेतलं तर रिव्हॉल्व्हरचा निळा रंग उडायचा थांबेल का?

तुम्ही लिहिलंय की कानपूरच्या बनावटीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, होल्स्टर चामड्याचं, आणि दोनच वर्षांत नळीचं तोंड नि सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडल्या. कायडेक्सचं, म्हणजे तापवून आकार द्यायच्या कडक प्लास्टिकच्या पत्र्याचं, होल्स्टर घेतलं तर हे थांबेल का?

थांबणार नाही. उडायची जागा तेवढी बदलेल.

आधी मी कोण ते सांगतो. परभणीत आमचं चामड्याचं दुकान आहे. वडील पोलिसांचे पट्टे आणि होल्स्टर शिवायचे, मी तेच पुढं चालवतो. गेली काही वर्षं मागच्या खोलीत एक छोटी भट्टी टाकून कायडेक्सचे पत्रेही तापवतो. म्हणजे पैसे दोन्हीकडून मिळतात, एकाची तळी उचलून मला काही सुटत नाही. हत्यार मात्र दुकानात ठेवून घेत नाही. परवान्याचं हत्यार असं कुणाकडंही सोडून जाता येत नाही. गिऱ्हाईक रिकामं करून आणतं, समोर बसतं, मी मापं घेतो आणि ओलं चामडं नंतर सागवानी साच्यावर दाबून बसवतो.

आता रंगाचं. याला ब्लूइंग म्हणतात. तो रंग नव्हेच, गंजाचाच चुलतभाऊ आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या क्षारांच्या उकळत्या पाण्यात, साधारण १४० अंशांवर, पोलादाच्या वरच्या थराचाच निळसर काळा ऑक्साइड बनवतात. जाडी १ ते २.५ मायक्रॉन. आपला केस ७०च्या आसपास असतो. एवढ्या पापुद्र्यानं दोन वर्षं कमरेला काढली हेच पुष्कळ. शिवाय हा थर सच्छिद्र. गंज अडवतं ते त्यात मुरलेलं तेल, थर नव्हे.

मग हा पापुद्रा घासतं कोण? चामडं पोलादापेक्षा मऊ, कायडेक्सही मऊ. पण न्हाव्याचा पट्टा आठवा. वस्तरा त्याच चामड्यावर परजून चकचकीत होतो. रोज काढणं-घालणं म्हणजे नळीच्या तोंडानं पट्ट्यावर दोन हात मारणंच. तरी नुसत्या चामड्यानं तुमच्यासारखी गत व्हायला बरीच वर्षं लागतात. दोन वर्षांत झाली म्हणजे आत धूळ आहे.

धूळ कुठली, हेही बघायला हवं. आपली काळी माती मूळची मऊ, चिकण. ती ओल धरते, पण ओरखडत नाही फारशी. वैरी आहे ती खडीची भुकटी. मराठवाड्यात जिकडं बघावं तिकडं क्रशर आणि रस्त्यांची कामं, आणि खडी सगळी बेसाल्टची. बेसाल्टमधला फेल्डस्पार खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर ६ला बसतो. तुमचा काळा थर त्याच्याच आसपास, खालचं साधं पोलाद त्याहून मऊ. एप्रिल-मे महिन्यात मोटरसायकलवर तासभर गेलात की होल्स्टर वरून उघडं असेल तर आत चिमूटभर तरी जाणारच. पांढऱ्या कागदावर होल्स्टर उपडं करून पाठीवर चार थापा मारा. माझी बहुतेक गिऱ्हाइकं कागद बघून गप्प होतात.

चामड्यात हा कण रुततो आणि तिथंच राहतो. हळूहळू आतली बाजू बारीक पॉलिश पेपर बनते. म्हणून चामड्याची झीज पसरट दिसते, जुन्या पितळी कडीसारखी गुळगुळीत. लोकांना ती आवडतेही. कायडेक्समध्ये कणाला रुतायला जागा नाही. तो दोन कडक पृष्ठभागांच्या मध्ये सापडतो आणि दर वेळी त्याच रेघेवरून फिरतो. म्हणून तिथं ओरखडा सरळ आणि ठसठशीत उठतो. कायडेक्स चार-पाच ठिकाणीच घट्ट टेकतं. त्या चार-पाच जागा लवकर जातात, बाकीचं हत्यार कोरं राहतं.

पण कायडेक्सचा एक गुण चामड्याला कधीच येणार नाही. ते नळाखाली धुता येतं. १९६५ साली अमेरिकेत रोम अँड हास कंपनीनं हा पत्रा विमानांच्या आतल्या सजावटीसाठी काढला. ॲक्रिलिक आणि पीव्हीसीचं मिश्रण. पाणी पीत नाही, घाम पीत नाही. कमरेला आतून लावणाऱ्याला उन्हाळ्यात मी हेच देतो. फक्त मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली टाकू नका, आकार सैल पडतो.

आता चामडं, माझं मूळ दुःख. बांधावर पिवळ्या फुलांचा तरवड दिसतो ना, त्याच्या सालीत कातडं कमवायचे. इंग्रजांनी त्याला नावच ‘टॅनर्स कॅशिया’ दिलं. तरवड, बाभूळ, हिरडा, सगळ्यांत टॅनिन. हल्ली तयार कातडं बाहेरून येतं, पण साली-फळांत कमावलेलं असेल तर ते कडक राहतं, साच्यावर बसतं, आकार सोडत नाही. होल्स्टरला हेच हवं. बाजारात स्वस्तात मिळतं ते बहुधा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, पर्सच्या कामाचं. मऊ, ताणलं जाणारं. दोन महिन्यांत सैल होतं, मग रिव्हॉल्व्हर प्रत्येक पावलाला आत हलतं आणि न काढताही घासत राहतं. त्यात उरलेले क्षार ओल धरली की पोलाद खातात, ते वेगळंच.

साली-फळांचं कातडंही निर्दोष नाही. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र आले की शाई होते, जुन्या बाडांतली काळी शाई तीच. ओल्या चामड्यात लोखंड ठेवलं की तोच प्रकार तुमच्या नळीवर होतो. काडतुसं चामडी पट्ट्यात ठेवली तर पितळेवर हिरवी कीट चढते, ताक कळकतं तशी.

आणि आतून सुएडचं, म्हणजे लव काढलेल्या मऊ चामड्याचं, अस्तर मागणारे. दिसायला मखमल, हाताला गार. धूळ आणि ओल दोन्ही याच्याइतकं कुणी धरत नाही. २०२४च्या लोकसभेला आचारसंहिता लागली १६ मार्चला, उठली जूनच्या पहिल्या आठवड्यात. बऱ्याच परवानाधारकांना हत्यारं जमा करावी लागली. माझ्या एका गिऱ्हाइकानं रिव्हॉल्व्हर होल्स्टरसकट दिलं, अस्तर मीच लावलेलं. त्यांनी ते परत आणलं तोवर पाऊस सुरू झाला होता. अस्तर जिथं चिकटून होतं तिथं नळीवर तांबूस पुरळ, शिवणीची रेघसुद्धा उमटलेली. “कामून हो, मखमलीत ठेवलं होतं की,” म्हणाले. काय बोलणार? जमा करताना होल्स्टर घरी ठेवा, एवढं मी सांगायला हवं होतं. त्यानंतर सुएड बंद केलं.

नायलॉनवर फार बोलत नाही. विणीत धूळ बसते, आतल्या फोमात ओल बसते, आकार मुळातच नसतो. स्वस्त आहे, एवढंच.

तुम्ही काय करावं? होल्स्टर म्हणजे हत्यार वागवायची वस्तू, साठवायची नव्हे. रात्री घरी आलात की बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. खोबरेल नको, आपल्याकडच्या थंडीत गोठतं आणि पुढं खवट होऊन चिकट बसतं. चामड्याला आतून तेल अजिबात नको, मऊ पडेल. होल्स्टर आठवड्यातून एकदा झटका, बोटाला कोरडं फडकं गुंडाळून तळापर्यंत पुसा. तळाला छिद्र नसेल तर पाडून घ्या, धूळ खाली पडायला वाट हवी.

पांढऱ्या कडांवर बाटलीतला काळा रंग लावत बसू नका, चार दिवसांत जातो. नुसतं तेल पुरे. खरंच पुन्हा ब्लूइंग करायचं असेल तर ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच.

तुम्ही कुठले ते लिहिलं नाही. कागदाचा प्रयोग करा आधी. कागद कोरा राहिला तर धूळ नाही, मग शिवण किंवा रिव्हेट आतून लागत असेल. होल्स्टरच्या तोंडातून टॉर्च मारून फोटो टाका, बघून सांगतो.