‘चलनव्यवस्था’, ‘पैसाव्यवस्था’ आणि ‘चलनवाढ’

दारिद्र्य आणि बेरोजगारी कमी करण्यासाठी पैशाच्या व्यवस्थेचा फेरविचार, या विषयावर पुण्यातील एका अभ्यासमंडळासाठी टिपण लिहिणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, अशा लेखनात ‘चलनव्यवस्था’ म्हणावे की ‘पैसाव्यवस्था’, आणि ‘चलनवाढ’ व ‘महागाई’ हे शब्द समानार्थी मानावेत काय.

माझ्या मते येथे ‘पैसाव्यवस्था’च योग्य. ‘चलन’ म्हटले की डोळ्यांपुढे नोटा-नाणी येतात. प्रत्यक्षात बहुतांश पैसा बँकांतील ठेवींच्या रूपात असतो. रविवार पेठेतील एखाद्या व्यापाऱ्याला बँक पाच लाखांचे कर्ज देते तेव्हा तिजोरीतून नोटांची पुडकी निघत नाहीत. त्याच्या चालू खात्यावर पाच लाख जमा होतात, कर्जखात्यावर तेवढेच नावे पडतात आणि आधी नसलेली ठेव अस्तित्वात येते. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके यालाच ‘पतनिर्मिती’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे, कारण बाजारात ज्याची पत आहे त्याच्याच वाट्याला हा पैसा आधी येतो. बेरोजगाराला ती नसते, आणि व्यवस्था बदलू पाहणाऱ्यांचा मुख्य आक्षेप तोच आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘महागाई’ परिणाम सांगते. ‘चलनवाढ’ मात्र कारणही ठरवून टाकते: चलन वाढले म्हणून भाव चढले. पावसाने ओढ दिल्यामुळे कांदा आणि डाळ कडाडली तरी आपण ‘चलनवाढीचा दर’ म्हणतो, ही गंमतच म्हणायची. शब्दाने कारण असे आधीच ठरवले की काय निसटते, ते एका उदाहरणावरून पाहा. १९३२ साली ऑस्ट्रियातील वेर्गल या गावाने बेरोजगारांना काम देऊन मजुरीपोटी स्थानिक प्रमाणपत्रे दिली. दरमहा दर्शनी किमतीच्या एक टक्क्याचे तिकीट त्यांवर डकवावे लागे, त्यामुळे ती साठवण्यापेक्षा खर्चण्याकडे लोकांचा कल राही. रस्त्यांची कामेही त्यांतून झाली. १९३३ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेच्या विरोधामुळे हा उपक्रम बंद पडला. अशा उपक्रमाला आरंभीच ‘चलनवाढ’ म्हटले, तर रिकामे हात कामाला लागल्याने उत्पादनही वाढेल काय, हा प्रश्न चर्चेतून आपोआप गळतो. हात आणि यंत्रे आधीच गुंतलेली असतील, तर जादा पैशाने भाव चढतील हेही खरे. पण ते युक्तिवादाने दाखवावे.

तेव्हा भावांविषयी ‘भाववाढ’ आणि एकूण पैशाविषयी ‘पैशाचा पुरवठा’ असे लिहावे. सरकारी आकडे उद्धृत करताना मात्र रूढ झालेला ‘चलनवाढीचा दर’ तसाच ठेवावा.