तपासणीला निघालेली जुनी गाडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मोटार चौदा वर्षांची आहे. गाडी जुनी दिसली की तपासनीस काही ना काही खोट काढतोच, असे अनेकांकडून ऐकतो. रस्त्यावर चालवण्यास गाडी योग्य आहे का हे पाहणाऱ्या सरकारी नियमांच्या तपासणीत ती केवळ वयामुळे नापास होते का?

उत्तर : नाही. ज्या गोष्टी तपासल्या जातात त्यांत वयाला गुण नसतात. उलट, बऱ्याच बाबतींत गाडी ज्या काळात रस्त्यावर आली त्या काळाचीच मोजपट्टी तिला लावली जाते. ब्रिटनमध्ये 1 सप्टेंबर 2010 पासून प्रथम वापरात आलेल्या मोटारींच्या मुख्य ब्रेकचे बळ गाडीच्या वजनाच्या किमान 58 टक्के भरावे लागते, तर त्याआधीच्या बहुतेक मोटारींना 50 टक्के पुरतात. धुराच्या मर्यादाही अशाच गाडीच्या सालानुसार ठरतात.

तरीही जुन्या गाड्या अधिक प्रमाणात नापास होतात, हे नाकारता येणार नाही. जर्मनीत ट्यूफ या तपासणी संस्थांचा अहवाल दरवर्षी मोटारींच्या वयोगटांनुसार निकाल मांडतो आणि वयोगट वाढत जाईल तसे गंभीर दोष आढळलेल्या गाड्यांचे प्रमाण चढत जाते. मात्र त्याच अहवालात एकाच वयाच्या दोन मॉडेलांत मोठी तफावतही दिसते, आणि माझ्या मते खरा बोध या तफावतीत आहे. सस्पेन्शनच्या जोडांतले धक्के शोषणारे रबराचे बुश चिरतात, चाकाला वळू देणारे गोल सांधे म्हणजे बॉल जॉइंट ढिले होतात, चाकांशी जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या गंजतात; पण या साऱ्या गोष्टी वेळच्या वेळी बदलता येतात. अडचण अशी की, तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाच्या हाती येईपर्यंत गाडीची किंमत उतरलेली असते, दुरुस्तीचा खर्च मात्र उतरलेला नसतो, आणि मग 'एवढ्या जुन्या गाडीवर कशाला घालवायचे' या विचाराने एकेक काम पुढे ढकलले जाते. तपासनिसाला वयापेक्षा या ढकललेल्या कामांची बाकी दिसते.

ब्रिटनमध्ये 1960 साली ही तपासणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांनाच होती. 1967 साली ती मर्यादा तीन वर्षांवर आणावी लागली. नव्या गाड्यांचे पितळही उघडे पडतेच. नापास होण्याच्या नेहमीच्या कारणांत तिथे दिवे अग्रभागी असतात, आणि जळालेला बल्ब काही म्हातारपणाचा आजार नव्हे.

प्रश्न : मी बारा वर्षांची, पण जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी घेतली. एवढी कमी चाललेली गाडी पहिल्याच तपासणीत नापास कशी झाली?

उत्तर : कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हे इंजिनाच्या बाबतीत बरेचसे खरे आहे, बाकी गाडीच्या बाबतीत मात्र ते अर्धसत्य आहे. रबर किलोमीटर मोजत नाही. ऊन, हवा आणि वेळ यांनी ते कडक होते. टायरवरच्या खाचा खोल असल्या (अनेक देशांत किमान 1.6 मिलिमीटरची अट आहे), तरी बाजूच्या भिंतीला आतल्या धाग्यांपर्यंत पोचणाऱ्या चिरा गेल्या असतील तर टायर बाद ठरतो. टायरच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुराच्या अखेरीस चार अंक असतात. 2314 असे असेल तर तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आपल्या गाडीचे टायर मूळचेच आहेत का, हे यावरून आजच पाहून घ्यावे.

ब्रेकचे दुखणे याहून छुपे असते. रोज वापरातल्या गाडीत पॅड डिस्कवर घासून गंज झडत राहतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत तो खोलवर रुतून बसतो, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात आणि हँडब्रेकची केबल आखडते. मग ब्रेकचे बळ मोजणाऱ्या रोलरवर दोन्ही चाकांचे ब्रेक सारख्या जोराने लागत नाहीत आणि हा फरक मर्यादेबाहेर गेला की गाडी नापास होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-4 प्रतीचे नवे तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा 155 अंशांची आहे. मीटरवरचा आकडा कितीही लहान असला, तरी ते दोन वर्षांनी बदलावे. सायलेन्सरही लहान फेऱ्यांनीच लवकर सडतो, कारण आत साचलेले पाणी वाफ होऊन निघून जाण्याइतका तो तापतच नाही.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, 'गाडी मागच्याच महिन्यात पास झाली आहे.' यावर विसंबावे का?

उत्तर : प्रमाणपत्र त्या दिवसापुरते आणि तपासलेल्या भागांपुरते बोलते. क्लच घसरतो का, गिअरबॉक्स आवाज करतो का, इंजिन ऑइल पिते का, हे सहसा त्या तपासणीत येत नाही. तपासनीस काहीही खोलून पाहत नाही, त्यामुळे गालिच्याखाली किंवा खालून फासलेल्या जाड काळ्या लेपामागे सडलेला पत्रा त्याच्या नजरेतून सुटू शकतो. नुकताच चकचकीत लेप दिलेली जुनी गाडी पाहिली की मला आनंदाऐवजी शंका येते.

शेवटच्या प्रमाणपत्रापेक्षा मागील चार-पाच वर्षांचे निकाल एकापुढे एक ठेवून वाचावेत. 'ब्रेकच्या नळीवर किंचित गंज' असा शेरा तीन वर्षे लागोपाठ येत असेल, तर मालक फक्त पास होण्यापुरता खर्च करत होता, हे उघड आहे. मीटरचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला, तर बोलणे तिथेच थांबवावे. ब्रिटनसारख्या काही देशांत हा इतिहास गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

प्रश्न : इंजिन सुरळीत चालते, तरी धुराच्या चाचणीत गाडी नापास झाली. असे का?

उत्तर : पेट्रोल गाडी असे धरून सांगतो. गाडी थंड असतानाच चाचणी झाली नाही ना, हे आधी विचारा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे 250 ते 300 अंशांवर काम करू लागतो; घरापासून पाच मिनिटे चालवून रांगेत अर्धा तास उभी केलेली गाडी म्हणजे जवळपास थंड गाडीच. वीसेक मिनिटे चांगली चालवून मग न्यावी. तरीही नापास झाली, तर अहवालातले आकडे मेकॅनिकला दाखवा. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रणात इंधन जास्त जात असावे किंवा कन्व्हर्टर थकला असावा. हायड्रोकार्बन जास्त असतील तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असावी. आणि लॅम्डाचा, म्हणजे हवा आणि इंधन यांचे प्रमाण दाखवणारा, आकडा 1 च्या बराच वर असेल तर सायलेन्सरच्या नळीला कुठेतरी फट आहे का ते पाहावे. थेट कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर आधी ही स्वस्त कारणे तपासायला सांगा.

प्रश्न : तपासणीच्या आदल्या दिवशी इंजिनचा पिवळा दिवा स्कॅनरने घालवला तर?

उत्तर : दिवा जातो, दोष राहतो. शिवाय गाडीतल्या संगणकाच्या स्वतःच्या दोष शोधणाऱ्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत तपासनीस त्या पूर्ण झाल्या आहेत का, हे वाचून पाहतो आणि अपूर्ण असल्या तर गाडी परत पाठवतो.

प्रश्न : गाडी पास झाली, पण अहवालात 'पुढील डाव्या बुशला चिरा' असा शेरा आहे. काम लगेच करावे का?

उत्तर : बुश केवळ चिरला असेल आणि खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू येत नसेल, तर काही महिने थांबता येईल. टायर, ब्रेकची नळी किंवा स्टिअरिंगच्या जोडाविषयी असा शेरा असता, तर त्याच आठवड्यात काम करा असे सांगितले असते. बुश बदलाल तेव्हा उजवीकडचाही बदला आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर पुढच्या तपासणीत एका बाजूने खाल्लेल्या टायरचा शेरा येईल.