दंडावरच्या बीसीजीच्या खुणेमुळे कोविड सौम्य जातो का?

तुमचा प्रश्न असा : लहानपणी क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लस टोचलेली आहे, दंडावर खूण आहे, तर कोविडसारख्या साथीत आजार सौम्य होतो का? आणि भावाच्या दंडावर खूणच नाही, तर त्याने लस पुन्हा घ्यावी का?

पहिल्याचं उत्तर नाही असंच द्यावं लागतं. पण प्रश्न खुळा नाही. मार्च 2020 मध्ये बीसीजी देणाऱ्या आणि न देणाऱ्या देशांतल्या कोविडमृत्यूंची तुलना करणारे आलेख फिरू लागले तेव्हा मीही हुरळलो होतो. इटली, अमेरिका, नेदरलँड्स या देशांनी बीसीजी सरसकट कधीच दिली नाही आणि तिथेच माणसं पटापट जात होती. शेजारी शेजारी असलेल्या स्पेन आणि पोर्तुगालची तुलना तर फारच पटायची : स्पेनने बीसीजी लवकर थांबवली, पोर्तुगालने बरीच वर्षं चालू ठेवली, आणि मृत्यू पोर्तुगालमध्ये कमी.

गोची अशी की ज्या देशांत क्षयरोग टिकून आहे तिथेच बीसीजी चालू राहते, आणि असे देश बहुतेक तरुण लोकसंख्येचे. चाचण्या तिथे कमी आणि साथही उशिरा पोचलेली. म्हणजे आलेखात लस दिसत होती, पण बोलत होतं वय आणि कॅलेंडर. पुढे पेरूने तो आलेख पार मोडला. तिथे बीसीजी सगळ्या बाळांना देतात, तरी लोकसंख्येच्या मानाने कोविडमृत्यूंत हा देश जगात सगळ्यात वर गेला.

मला सगळ्यात आवडलेला पुरावा इस्रायलचा. तिथे सरसकट बीसीजी 1982 मध्ये थांबली. म्हणून 1979 ते 81 आणि 1983 ते 85 या काळात जन्मलेल्यांची तुलना केली. देश एकच, वयही जवळपास सारखं, फरक लसीचा. चाचणी झालेल्यांत लस मिळालेल्या पिढीत 11.7 टक्के बाधित निघाले, न मिळालेल्या पिढीत 10.4 टक्के. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. तीव्रतेबद्दल मात्र यातून फार कळत नाही, कारण चाळिशीच्या आतबाहेरची माणसं. गंभीर रुग्ण दोन्हीकडे एकेकच.

मग इतक्या जाणत्या लोकांनी ही कल्पना उचलून का धरली? कारण तिला बूड होतं. 1921 मध्ये माणसाला पहिल्यांदा दिली तेव्हापासून ही लस क्षयाखेरीज आणखी काहीतरी करते असा संशय आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना ती जन्मताच दिली तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून जास्त घटले, आणि ते क्षयामुळे होणारे मृत्यू नव्हतेच. नेदरलँड्समधल्या मिहाई नेतेआ यांच्या गटाने त्याचं कारण शोधलं : बीसीजीनंतर रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या जनुकांवरच्या, कोणतं जनुक किती चालावं हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात आणि या पेशी पुढच्या, अगदी वेगळ्या जंतूलाही जोरात उत्तर देतात. याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हणतात. बीसीजी घेतलेल्यांना पीतज्वराची जिवंत, म्हणजे दुबळा केलेला विषाणू असलेली लस दिली, तर त्यांच्या रक्तात तो विषाणू कमी सापडला. हे 2018 चं काम.

तरी प्रयोगशाळेतली पेशी वेगळी आणि तापाने फणफणलेला माणूस वेगळा. ऑस्ट्रेलियातून चाललेल्या ब्रेस चाचणीत पाच देशांतले 3,988 आरोग्य कर्मचारी होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना बीसीजी दिली, काहींना नुसतं मिठाचं पाणी. सहा महिन्यांत लक्षणांसह कोविड झालेले बीसीजी गटात 14.7 टक्के, दुसऱ्या गटात 12.3 टक्के. गंभीर आजार अनुक्रमे 7.6 आणि 6.5 टक्के. झुकाव असलाच तर उलट्या बाजूला, तोही योगायोगाच्या कक्षेत. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीतही फायदा दिसला नाही. टाइप 1 मधुमेहींवरच्या एका अमेरिकी चाचणीचा दाखला तुम्हाला कोणी देईल. तिथे अनेक डोस घेतलेल्या 96 पैकी एकाला कोविड झाला, न घेतलेल्या 48 पैकी सहा जणांना. एकूण सात रुग्णांवर मी तरी पैज लावणार नाही.

माझं मत असं की नवजात बाळाच्या कोऱ्या प्रतिकारशक्तीवर जे पहिल्या काही आठवड्यांत दिसलं, ते आयुष्यभर शेकडो जंतू पाहिलेल्या प्रौढाला आपण परस्पर लागू केलं.

आता भावाबद्दल. काहींना लस घेऊनही खूण उमटत नाही. खूण नाही म्हणजे लस वाया गेली असं नाही, आणि तेवढ्यासाठी पुन्हा टोचू नये असंच जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. कोविडसाठी तर नकोच. बीसीजीचा तुटवडा अधूनमधून पडत असतो. ती कुपी तान्ह्या बाळाला क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या उपचारातही लागते.